उद्घाटनासाठी बंद

छत्रपती संभाजीनगर
रविवार, ११ जानेवारी २०२६

आदरणीय सर,

सलाम आणि नमस्कार.

हे दर रविवारचं पत्र. चौदा वर्षांपूर्वी, संशोधनाच्या पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं, ‘आठवडाभर काय चाललं आणि काय अडलं, ते हातानं लिहून द्यायचं. हातानं लिहिताना खोटं बोलणं अवघड जातं.’ तुम्ही निवृत्त होऊन सोयगावला गेलात, माझी पीएच.डी. होऊनही सात वर्षं झाली, पण सवय सुटली नाही. आज अडलेलं आधी लिहिते, कारण राग आलाय.

प्रशालेची निमंत्रणपत्रिका छापून आली. ‘वैज्ञानिक संगणन संशोधन प्रशाला, उद्घाटन समारंभ, १२ फेब्रुवारी.’ खाली नऊ नावं. त्यात मंडपवाल्याचं आहे, माझं नाही. प्रस्ताव मी लिहिला, अकरा वेळा लिहिला, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. नवे संचालक विश्वजीत सर पुण्याहून येऊन तीन महिने झालेत. ते म्हणाले, “मॅडम, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची नावं पत्रिकेत घालायची पद्धत नाही.” मी विचारलं, “तासाच्या हिशेबानं नेमलेल्या बाईकडून प्रस्ताव लिहून घ्यायची पद्धत आहे का?” ते हसले. मी विनोद केला नव्हता.

आता चाललेलं. सुरेखाच्या पीएच.डी.चं शेवटचं गणित २ जानेवारीला सुरू केलं. तिनं चार उन्हाळे बिडकीनच्या आसपास दोनशे बारा विहिरींत टेप सोडून पाणी मोजलं, ते सगळं यात आहे. १९९५ पासूनची तीस वर्षं, एकेक दिवस करत पुढं जायचं. कालचं पाणी कळल्याशिवाय आजचं कळत नाही, त्यामुळं उडी मारायची सोय नाही. आपल्या ‘बिऱ्हाडा’ला, त्या सोळा जुन्या संगणकांच्या डब्यांना, हे संपवायला बावन्न दिवस लागतील. २३ फेब्रुवारीला संपेल. प्रबंध द्यायची तिची मुदत ३१ मार्च. बायांना मिळणारी दोन वर्षांची वाढीव मुदतही तिची वापरून झालीय. त्यानंतर नोंदणी रद्द.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. मोठी डिस्क विश्वजीत सरांनी उद्घाटनाच्या माहितीपटासाठी काढून घेतली. उरलेल्या जागेत, गणित कुठवर आलं याची दर सहा तासांची नोंद मावत नाही, म्हणून मधली नोंद ठेवणं बंद करावं लागलं. म्हणजे २३ तारखेपर्यंत बिऱ्हाड एकदाही बंद पडता कामा नये. पडलं, तर पुन्हा १९९५ पासून. वीज गेली तर बॅटऱ्या आहेत. माणसांसाठी दारावर पाटी लावलीय.

दगडाअक्कांना सलाम.

तुमची,
तबस्सुम

---

सोयगाव
१७ जानेवारी २०२६

चि. तबस्सुम,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. पत्रिकेचं वाचून वाईट वाटलं. पण बेटा, संस्था उभी राहताना कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, असं चालायचंच. दहा वर्षं आपण दोघं कुलगुरूंच्या दाराबाहेर बाकावर बसलो. आज दार उघडतंय, तर चौकटीला रंग कोणता याचं भांडण कशाला? जागा निघतील, तुझी नेमणूक होईल. विश्वजीत भला माणूस आहे. त्याचा मला फोन असतो, उपकुलसचिवांचाही असतो. मी व्यासपीठावर असावं असा दोघांचा आग्रह आहे. येईन म्हणालो.

सुरेखाचं काम वाचून आनंद झाला. दोनशे बारा विहिरी! माझ्या हाताखाली शंभराच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. तिला म्हणावं, शेवटच्या प्रकरणात फार नक्षीकाम नको.

इथं हरभरा बरा आहे. तुझं पत्र मी अक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “शाळा काढायलेत अन् मास्तरणीलाच भाईर उभं करायलेत. लई शहाणे हायेत तुमच्याकडचे.” तिचं मनावर घेऊ नकोस. ती बहीण माझी असली तरी नेहमी समोरच्याच्या बाजूची असते.

तुझा,
रा. भि. बावस्कर

---

छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६

सर,

रविवारची वाट बघत नाही.

काल तुम्ही व्यासपीठावर होतात. मी कुठं होते ते तुम्हाला दिसलं नसेल. मी प्रवेशद्वाराशी, पाहुण्यांना बिल्ले लावायच्या टेबलावर. सकाळी आठपासून. सुरेखा माझ्या शेजारी गुलाबाची फुलं देत होती. फीत आमच्या गुलमंडीच्या दुकानातून गेली होती. माझा भाऊ इलियास कौतुकानं म्हणाला होता, “आपा, फीता अपनेच दुकान का है. रंग नहीं छोडेगा.”

तुम्हाला माहीत आहे का, नवं यंत्र आलेलंच नाही? निविदा अडकलीय. काचेमागं जे ठेवलं होतं ते आपलं बिऱ्हाड होतं. सोळा डब्यांवर निळे स्टिकर चिकटवले होते. तोवर मी गप्प होते. म्हटलं, चिकटवा. चालू आहे ना, बास.

साडेअकराला प्रमुख पाहुण्यांनी व्यासपीठावरचं लाल बटण दाबलं. काचेमागं सोळा दिवे एकदम लागले. टाळ्या पडल्या.

सर, दिवे लागले म्हणजे आधी विझलेले होते.

माझ्या हातात एका नगरसेवकांचा बिल्ला होता. त्याची टाचणी बोटात गेली ते मला नंतर कळलं. सुरेखानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “मॅडम, ते बंद कवा केलं व्हतं?” एवढंच. मग ती फुलं देत राहिली, कारण रांग उभी होती.

सकाळी दहाला मंडपाच्या इलेक्ट्रिशियननं मेन स्विच पाडला. बॅटऱ्यांच्या वायरीही काढल्या, कारण त्यांच्यामुळं दिवे विझेनात. त्यानं मला सरळ सांगितलं, “मॅडम, साहेबांनी बटन दाबलं अन् आधीच चालू असलं, तर फंक्शनला काय अर्थ?” त्याला मी काय बोलू? पाटी दिसली असती, तर त्यानं मला विचारलं तरी असतं. दारावरची पाटी फोटोत येते म्हणून आदल्या दिवशीच काढली होती.

एक्केचाळीस दिवस चाललं होतं. २०१८ सालच्या ऑगस्टपर्यंत पोचलं होतं. तेवीस वर्षांचा पाऊस एका बटणासाठी पुसला. चालू असलेलं यंत्र बंद केलं, कशासाठी, तर ते चालू करता यावं म्हणून! हे कुठल्या गावंढळ माणसानं केलं नाही सर, संगणनाची प्रशाला काढणाऱ्यांनी केलं.

विश्वजीत सरांना गाठलं तेव्हा ते जेवत होते. म्हणाले, “आम्ही विचारूनच बंद केलं, मॅडम.” कुणाला विचारून? “ते कार्यालयाला माहीत.” आणि आठवडाभर यंत्राला हात लावायचा नाही, कारण रोज कुठल्या तरी महाविद्यालयाची मुलं बघायला येणार आहेत. दिवे लुकलुकते ठेवायचे, काम करायचं नाही. किल्ली त्यांनी काढून घेतलीय.

मी तुमच्यापर्यंत यायचा प्रयत्न केला. तुमच्या नावाच्या सभागृहाची कोनशिला उघडत होते. गर्दी होती. मग तुम्ही गाडीत बसलात.

मला शोधून काढायचंय, कुणाला विचारलं ते.

तबस्सुम

---

सोयगाव
१८ फेब्रुवारी २०२६

चि. तबस्सुम,

आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अस्वस्थ झालो. झालं ते वाईट झालं. तुला न विचारता हात लावायला नको होता, यात वादच नाही. पण रागाच्या भरात दोन गोष्टी सुटू नयेत म्हणून लिहितो.

पहिली. मधली नोंद न ठेवता इतक्या लांबीचं गणित तू सोडलंसच कसं? पहिल्या वर्षी मी काय शिकवत होतो? यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, विजेवर ठेवायचा नाही. दर सहा तासांनी नोंद ठेवलेली असती, तर स्विच पाडला काय आणि न पाडला काय, सहा तासांचं नुकसान. एवढ्यावर भागलं असतं. ही चूक तुझ्याकडून व्हावी याचं मला नवल वाटलं.

दुसरी. कुणी परवानगी दिली हे खणून काय मिळणार? ज्यानं दिली असेल त्याचाही हेतू वाईट नसेल. समारंभाच्या गडबडीत माणूस दहा गोष्टींना होकार देतो. विश्वजीतकडं शांतपणे जा, किल्ली माग, सुरेखासाठी मुदतवाढीचा अर्ज कर. तुझी नेमणूक अजून व्हायची आहे, हे विसरू नकोस.

सभागृहाचं मला आधी माहीत नव्हतं. अवघडल्यासारखं झालं.

तुझा,
रा. भि. बावस्कर

---

छत्रपती संभाजीनगर
२७ फेब्रुवारी २०२६

डॉ. रामकिसन बावस्कर यांस,

तुमच्या सांगण्यावरून मुदतवाढीचा अर्ज केला. २५ तारखेला नामंजूर झाला. का, म्हणून मी फाइल मागितली. आवक-जावकच्या केसरबाईंनी ती माझ्यापुढं उघडली आणि स्वतः खिडकीकडं बघत उभ्या राहिल्या. टिपणी अशी आहे:

‘सदर यंत्रणा समारंभाकरिता बंद करण्याबाबत डॉ. रा. भि. बावस्कर (सेवानिवृत्त) यांना दि. १० फेब्रुवारी रोजी दूरध्वनीवरून विचारणा केली असता, मधली नोंद राहत असल्याने बंद करण्यास हरकत नाही, असे त्यांनी कळविले. सबब नुकसानीस कार्यालय जबाबदार नाही. मुदतवाढ देता येत नाही.’

सोबत माझ्या ११ जानेवारीच्या पत्राची प्रत जोडलीय. प्रत ठेवायला तुम्हीच शिकवलंत. शेवटून दुसरा परिच्छेद बघा. मी त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारलीय, तुम्ही आमच्या चुकांखाली मारायचात तशी. ‘एक गोष्ट मुद्दाम लिहिते,’ असं तो सुरू होतो.

दोनदा वाचलं म्हणालात.

मला यंत्रावर विश्वास ठेवू नकोस म्हणून शिकवलंत. माणसांचं काही शिकवलं नव्हतं. दारावरची पाटी, डिस्क, बॅटऱ्या, सगळ्यांची काळजी मी घेतली. सोयगावहून स्विच पाडला जाईल, हे माझ्या यादीत नव्हतं.

आणि १८ तारखेचं पत्र! तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. दहा तारखेला तुम्हीच हो म्हणाला होतात. तरी तुम्ही मलाच विचारता, नोंद का ठेवली नाहीस? मी दोन रात्री झोपले नाही, सर. मला खरंच वाटलं, चूक माझी. मी सुरेखाची माफी मागितली. ती बिडकीनहून रोज दोन बस बदलून येते. ती मला म्हणाली, “ऱ्हाऊ द्या मॅडम, तुमचं काय चुकलं?” तिच्यासमोर मी मान खाली घातली ती तुमच्यासाठी.

तुम्ही तेव्हाच एक फोन करायचा होता. ‘तबस्सुम, बंद करू का?’ चार शब्द. पुण्याहून आलेल्या माणसाला मी पत्रिकेत दिसले नाही, ते समजू शकते. तुम्हालाही दिसले नाही.

किल्ली २० तारखेला मिळाली. पहिलं काम, माहितीपट पुसला. मग मधली नोंद चालू केली, मग गणित. ते १३ एप्रिलला संपेल. मुदत ३१ मार्चला संपते. आता एकच रस्ता आहे. ती टिपणी ज्या होकारावर उभी आहे, तो होकार तुम्ही न तपासता दिला, तुम्हाला लेखी कळवलेलं असताना दिला, हे तुमच्या सहीनं कुलगुरूंना जायला हवं. फोनवर नको. फोनवर तुम्ही काय करता ते बघितलं.

सभागृहाच्या दारातून जाताना रोज तुमचं नाव वाचते. मी वळसा घालून जायला लागलेय.

तबस्सुम मोमीन

---

सोयगाव
९ मार्च २०२६

तबस्सुम,

आशीर्वाद लिहायला हात धजला नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पहिल्यांदा चिडलो. माझ्या चुकीखाली रेघ मारणारी ही कोण, असं वाटलं. चार ओळींचं उत्तरही लिहिलं होतं. ते अक्कानं बघितलं. तिला अक्षर फारसं लागत नाही, पण माझं तोंड वाचता येतं. “काय झालं?” म्हणाली. सांगितलं. सगळं ऐकून म्हणाली, “फोनवर व्हय म्हनताना तुझी जीभ नाय कापली. आता लिवताना हात कापतोय व्हय रं?”

म्हणून आता खरं लिहितो. सभागृहाचं मला माहीत नव्हतं, हे मी खोटं लिहिलं. दहा तारखेला उपकुलसचिवांचा फोन आला तो त्यासाठीच. “सर, सभागृहाला आपलं नाव द्यायचं ठरलंय.” बत्तीस वर्षं मी त्या आवारात खडू झिजवला, कुणी साधा निरोपाचा हार घातला नव्हता. मी त्यांचे तीनदा आभार मानले. त्याच ओघात ते म्हणाले, “आणि ते यंत्र तासभर बंद केलं तर चालेल ना? मधली नोंद असतेच ना तुमच्याकडं?” मी म्हणालो, असते, चालेल. तुझा परिच्छेद मी वाचला होता. पण वाचताना मनात पत्रिकेतलं माझं नाव होतं. त्या ओळी डोळ्यांखालून गेल्या, डोक्यात गेल्या नाहीत.

समारंभात दिवे लागले तेव्हाही मी टाळ्या वाजवल्या. तुझं १३ तारखेचं पत्र आल्यावर जुनं पत्र काढून बघितलं. तेव्हा सगळं समजलं. आणि तरीही तुलाच दोष देणारं पत्र लिहिलं. पहिली चूक भुलून केली. दुसरी पूर्ण शुद्धीत केली. माफी पहिलीची मागता येते. दुसरीची कशी मागायची ते मला येत नाही.

कुलगुरूंना दिलेल्या पत्राची प्रत जोडली आहे. ५ मार्चला दिलं. पोस्टानं पाठवलं नाही, आवक क्रमांक आणि शिक्का घेतला आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. होकार मी न तपासता दिला, यंत्र बंद करू नये हे तू मला महिनाभर आधी लेखी कळवलं होतंस, आणि त्याची शिक्षा विद्यार्थिनीला होऊ नये. चौथी, सभागृहावरचं माझं नाव काढावं.

उत्तराची अपेक्षा नाही.

रा. भि. बावस्कर

---

छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, १४ एप्रिल २०२६

सर,

काल संध्याकाळी गणित संपलं. तीस वर्षं पूर्ण झाली. दोनशे बारा विहिरींपैकी एकशे नव्व्याण्णव टेपच्या मोजमापाशी जुळल्या. उरलेल्या तेरा का जुळत नाहीत, ते सुरेखाला पाठ आहे. त्यातल्या दोन विहिरींत मोजायच्या आदल्याच दिवशी टँकरनं पाणी सोडलं होतं, असं तिनं वहीत तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

मुदतवाढ ३० एप्रिलपर्यंत मिळाली. तुमच्या पत्रामुळं मिळाली. हे लिहायला मला महिना लागला, पण खरं आहे म्हणून लिहिते. कार्यालयानं आदेशात कारण दिलंय ‘तांत्रिक अडचण’. तुमचं नाव त्यात नाही, त्यांचं नाही, बटणाचंही नाही. तो कागद हातात घेऊन मी विश्वजीत सरांपुढं उभी राहिले. विचारलं, “तांत्रिक अडचण म्हणजे कोण?” ते या वेळी हसले नाहीत. नव्या जागांची जाहिरात आलीय. मी अर्ज करणार आहे. मुलाखतीला तेच बसतील. बसू देत.

तुमचं नाव सभागृहावर तसंच आहे. नाव काढायचं तर समिती नेमावी लागते, आणि विद्यापीठात नाव काढायच्या समितीला आजवर कुणी सदस्य मिळालेला नाही. तुम्हाला ते आता रोज टोचणार, मलाही.

केसरबाईंनी सांगितलं, ५ मार्चला तुम्ही स्वतः एस.टी.नं आला होतात. शिक्का घेऊन काचेसमोर बराच वेळ उभे होतात. आत मी आणि सुरेखा होतो, पाठमोऱ्या. तुम्ही दारावर टकटक केली नाही. बरं केलंत. मी त्या दिवशी काहीतरी बोलले असते, जे नंतर मागं घेता आलं नसतं. आजही मागं घ्यावं असं माझ्या पत्रांत काही सापडत नाही.

मेन स्विचवर आता सुरेखाच्या हातचा कागद आहे: ‘हे यंत्र चालू आहे. याचे उद्घाटन झालेले आहे. पुन्हा करू नये.’ बघायला येणारी मुलं त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिनं तुमचं नाव ठेवलंय. मी काढायला सांगितलं. म्हणाली, “मॅडम, मला टेप कसा सोडायचा ते त्यांनीच शिकवलं. ते खोटं कसं लिहू?” मी ते राहू दिलं.

अक्कांना माझा सलाम सांगा. त्या एकट्यांचाच मला आधार वाटला.

रविवारी मी तुम्हाला लिहिणं थांबवतेय. आता सुरेखा मला लिहिते, काय चाललं आणि काय अडलं. मी तिचं पत्र लाल पेन्सिल हातात धरून वाचते, एकेका ओळीवर थांबून. तुम्ही पूर्वी वाचायचात तसं.

तबस्सुम